गुरप्पांचा डावा हात

"आजवरचा इतिहास माणसानं उजव्या हातानं घडवला. यापुढचा डावा हात घडवणार हाय," असं गुरप्पांनी भल्या सकाळी जाहीर केलं.

"घडवू द्या की. आधी त्यो पिठातनं काढा," त्यांच्या पत्नी गंगम्मा म्हणाल्या.

गुरप्पांचा डावा हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठात होता. बाळीवेशीतल्या त्या घरात अन्नाला डावा हात लावत नसत, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी नव्यानं हाती घेतलेल्या गिटारच्या तारा दाबायचं सगळं काम डाव्याचं, आणि त्यानं जन्मभर केलं काय, तर कापडाच्या दुकानात थान धरून ठेवलं. मोजणं, कापणं, गिऱ्हाइकापुढं पदर उलगडणं, सगळा मान उजव्याचा. दुकान सुटल्यावर त्यांनी हौसेनं गिटारचा क्लास लावला, तेव्हा डाव्याचं पितळ उघडं पडलं. मग त्याला तालमीत घातलं. ओली सोलापुरी चादर डाव्यानं पिळली, शेंगाचटणी डाव्यानं कुटली. हात आणि चटणी यांच्यामध्ये मुसळ होतं, म्हणून गंगम्मांनी ते चालवून घेतलं. आजचं पीठ मात्र त्यांनी उचलून गाईसाठी बाजूला ठेवलं.

घोडं अडलं होतं एफ कॉर्डवर. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं, आणि सहाही वाजल्या पाहिजेत. गुरप्पांच्या चार वाजत, दोन खोकत. उद्या क्लासचा कार्यक्रम. आज एफ जमला तर स्टेजवर गाणं, नाहीतर पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायचं काम.

"फूलच द्यायचं असंल तर मी काय येणार न्हाई," गंगम्मा म्हणाल्या. "लोकांनी साड्या नेसायच्या आन् तुमी घड्या घालायच्या, हे लई बघितलं."

गुरप्पांनी गिटार पाठीला लावली आणि सात रस्त्यावरच्या क्लासकडं निघाले.

क्लास घेणारी महेश्वरी त्यांच्या पुतणीच्या वयाची. तिच्यापुढं बसून त्यांनी दात आवळले आणि कॉर्ड असा दाबला की कानशिलाची शीर फुगली. गिटारमधून पाट आपटल्यासारखा आवाज आला.

"काका, चोर पकडलाय का?"

"जोर कमी पडतोय, बाई. अजून जरा चटणी कुटावी लागतीय."

"जोर जास्त झालाय. मागचा अंगठा काढा बघू."

"गिटार पडंल की."

"नाही पडत. पोट कशाला आहे?"

अंगठा निघाला. गिटार पोटाला टेकून मुकाट राहिली. महेश्वरीनं त्यांचं कोपर अंगाजवळ आणलं, बोट धातूच्या पट्टीला लागून ठेवलं आणि किंचित कुशीवर वळवलं. "आता आवळू नका. हाताच्या वजनानं नुसतं मागं ओढा. अंगठा नंतर परत देते."

गुरप्पांनी एकेक तार छेडली. सहावीही वाजली. खात्री करायला त्यांनी पुन्हा वाजवलं. मग खात्री झाली म्हणून पुन्हा वाजवलं. शेवटी महेश्वरीनंच हात जोडले. "बास काका. फूल दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावते."

एरवी चालत परतणारे गुरप्पा त्या दिवशी रिक्षानं आले, आणि रिक्षावाल्याला वाटभर एफचं मर्म सांगत आले. तो बिचारा सिग्नल नसतानाही दोनदा थांबला.

घरात शिरताना एक चप्पल पायातच राहिली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्यांनी अख्खं गाणं वाजवलं. एफ येई तिथं स्वच्छ येई. गंगम्मा ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. साडी मनापासून आवडली की बायका भाव विचारायच्या आधी जराशा गप्प होतात. ते गप्प होणं गुरप्पा लांबून ओळखत.

गाणं संपलं. गंगम्मांनी पदरानं तोंड पुसलं.

"उद्या येते मी. पुढं बसवा, खांबामागं नगं," त्या म्हणाल्या. "आन् आता तेवढं त्या डाव्या हातानं नव्या टाकीचं सील ओढून द्या की. गॅस मगाच गेलाय, मला काय निघंना."