चिकन सोडलं त्याचं कारण

दारू सोडणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. चहा सोडला तर लोक फार तर "ॲसिडिटी का?" म्हणतात आणि पुढच्या विषयावर जातात. मी चिकन-मटण सोडलं, तर वर्ष होत आलं तरी माझी चौकशी चालूच आहे. एक नाशिकरोडला आमच्या कॉलनीत, दुसरी कॅनडा कॉर्नरला माझ्या ऑफिसात. दोन्हीकडचे निकाल कधीच लागलेत आणि दोन्हीकडे मला धड एक वाक्य पूर्ण बोलू दिलेलं नाही.

ऑफिसातलं आधी सांगते, कारण तिथला राग गिळता येतो. मी एका विमा कंपनीच्या शाखेत क्लेमचं काम बघते. दुपारी आम्ही पाच-सहा बायका एकत्र डबा खातो. राखी माझ्या शेजारच्या टेबलावरची. मनाने चांगली आहे, अडीअडचणीला धावून येते, पण माझ्या डब्यात नॉनव्हेज असलं की खुर्ची जराशी सरकवायची. जराशीच, पण सरकवायची. सलग काही आठवडे माझ्या डब्यात गवार, भेंडी, मटकी दिसल्यावर तिने विचारलं, "रोहिणी, सोडलंस का गं?" मी हो म्हणाले. तिने माझा हात हातात घेतला. "किती छान. मी नेहमी म्हणते, तुझ्याकडे बघून वाटतच नाही."

काय वाटत नाही, ते मी विचारलं नाही. इतकी वर्षं त्या ऑफिसात काढल्यावर ते मला चांगलं ठाऊक आहे. मग राखीने मला आपल्या पंखाखाली घेतलं. एकादशीला माझ्यासाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी आणली. मी समोर बसलेली असताना इतरांना सांगायची, "संस्कार काय, कुठूनही येऊ शकतात." माझ्या आईने मला काय शिकवलं असेल असं तिला वाटत होतं, देव जाणे. म्हणजे तिचा देव.

एका बुधवारी मी अंडाभुर्जी नेली. अंडी मला चालतात. राखीने डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या घरी चोरी झाल्यासारखी म्हणाली, "म्हणजे तू पूर्ण नाही सोडलंस." खुर्ची पुन्हा सरकली. मला बढती मिळाली होती ती तिथल्या तिथे रद्द झाली.

कॉलनीत याच्या बरोबर उलट. आमची वस्ती बौद्धांची. मधोमध विहार, त्याच्या मागे माझ्या माहेरचं घर. बाबा गेल्यापासून तिथे आई आणि माझा धाकटा भाऊ मयूर राहतात. मी लग्न होऊन गेले ती तीन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माझी प्रत्येक बातमी माझ्याआधी आईकडे पोहोचते. रविवारी सगळे आईकडेच जेवतो. आईचा एक नियम आहे, पातेल्यातली कलेजी लेकीची. मयूर लहानपणी त्यावरून हातपाय आपटायचा, तरी त्याला मिळाली नाही. मी पहिल्यांदा कलेजी नको म्हटलं तेव्हा आई वाटी हातात धरून उभी राहिली. "दिवस गेलेत का?" म्हणाली. नाही म्हटलं. "कावीळ?" नाही म्हटलं. पुढच्या रविवारी तिने काही विचारलं नाही, आणि त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, "आमच्या हातचं चालत नाय का आता?"

मग लताबाई आल्या. विहारातलं महिला मंडळ त्या चालवतात. माझ्या लग्नात त्यांनी चार दिवस पदर खोचून काम केलं होतं, म्हणून त्यांना उलट बोलता येत नाही.

"जय भीम. बस इथं," त्या माझ्याच घरात मला म्हणाल्या. "तू माळ घेतली म्हणत्यात. खरं का?"

तुळशीची माळ. आमच्याकडे कोणी मटण सोडलं की लोक आधी त्याचा गळा बघतात. लताबाईंनी खरोखर मान वाकडी करून माझ्या गळ्यात डोकावलं. मी ओढणी बाजूला करून दाखवला गळा. चेन होती, तिच्यात धम्मचक्राचं पेंडंट होतं.

"मग मार्गशीर्षातले गुरुवार धरले?"

"नाही."

"इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलीस? दहा दिवस गप बसवत्यात तिथं?"

"नाही, लताबाई. मला खावंसं वाटत नाही, एवढंच."

"असं उगीच कोणाला वाटत नसतं." त्या उठल्या. दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "आपल्या माणसांनी काय टाकलं आन् काय धरलं, त्याचा जरा इचार कर पोरी."

माझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने देव्हारा उतरवला होता. त्यांच्या नातीला गळा उघडा करून दाखवावा लागला. त्या दिवशी संध्याकाळी मी इतकी चिडले होते की समाधानच्या, म्हणजे नवऱ्याच्या, साध्या "चहा टाकतेस का?"वर मी त्याला अर्धा तास सुनावलं. बिचारा ओझरच्या कारखान्यातून दमून आला होता. त्याने स्वतःच चहा टाकला, मलाही दिला आणि म्हणाला, "सांगून टाक ना एकदाचं."

खरं कारण समाधानला माहीत आहे. कारण अगदी छोटं आहे, आणि तेच सांगता येत नाही.

मयूरने आयटीआय करून दोन ठिकाणी नोकऱ्या केल्या, त्या टिकल्या नाहीत. मग ओझरच्या पुढे मामाच्या पडीक तुकड्यावर ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड टाकलं. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, कोंबड्या मोठ्या झाल्या की गाडी लावून घेऊन जाते. शेड आपलं, वीज आपली, राबणं आपलं. मयूर राबला. घरात पहिल्यांदाच तो वेळेवर उठायला लागला होता. गेल्या एप्रिलमध्ये कोंबड्या भरून न्यायच्या वयाला आल्या होत्या, दोन दिवसांत गाडी येणार होती. त्या दुपारी तो मित्राच्या हळदीला सटाण्याला गेला. इकडे वीज गेली. जनरेटर होता, पण तो चालू करायला माणूस लागतो. शेजारचा शेतकरी फोन करत राहिला आणि तिकडे डीजे वाजत राहिला. पत्र्याखाली पंखे बंद, फवारे बंद. मयूर परत आला तोवर शेडातल्या निम्म्या कोंबड्या आडव्या झाल्या होत्या.

त्याने आईला नाही, मला फोन केला. "ताई, शेडवर ये," एवढंच म्हणाला. मी आणि समाधान गेलो. जेसीबी लावून खड्डा घेतला, चुन्याच्या गोण्या आणल्या. कोंबड्या पायांना धरून, एकेका हातात चार-चार, अशा आम्ही अंधार पडेपर्यंत वाहिल्या. मेलेल्या होत्या, पण गार झाल्या नव्हत्या. पत्रा तापलेला, खालचा भुसा तापलेला, त्यात त्या तशाच उबदार राहिल्या होत्या. मयूर खड्ड्याच्या कडेला बसून होता. जनरेटरची किल्ली दिवसभर त्याच्या खिशात होती, हे त्याने मला तेव्हा सांगितलं आणि पुन्हा कधी कोणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी आईकडे चिकन होतं. मी रश्श्यातला तुकडा उचलला आणि बोटांना तीच ऊब लागली. बस्स, एवढंच. मला कोणाची दया आली नाही, धर्म आठवला नाही, तब्येतीचं काही नाही. माझी बोटं ते धरत नाहीत. चिकन असो की मटण, बोटांना फरक कळत नाही. अंड्याला पाय नसतात, म्हणून ते चालतं. आता हे मी राखीला सांगू की लताबाईंना?

आणि मयूरच्या कानावर तर जायलाच नको होतं. तो त्यानंतर सहा-सात महिने भिंतीकडे तोंड करून झोपून होता. दाढी वाढवली, मित्रांचे फोन घेईना. आई रात्री उठून उठून तो आहे ना ते बघायची. घरात वीज गेली तरी कोणी "वीज गेली" म्हणत नव्हतं. दिवाळीनंतर तो हळूहळू उठला. शेड धुतलं, चुना मारला, वीज गेली की आपोआप सुरू होणारा जनरेटर बसवला. कंपनीच्या लोकांनी येऊन बघितलं आणि पुन्हा पिल्लं द्यायला तयार झाले. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी गाडी येणार ठरलं.

त्याच्या आधीच्या शनिवारी आई माझ्याकडे आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "उद्या जेवायला या. मयूऱ्याला पिल्लं येणार म्हणून चिकन करतेय. लताबाईंना पण सांगितलंय. उद्या एक दिवस खा."

"आई, पुन्हा तेच नको."

"ऐकून घे. तो काल मला म्हणला, ताईनं त्या दिवसापासनं तोंडाला लावलं नाय. तिला माझ्यामुळं घास जात नसंल तर मला नकोत पिल्लं. सोमवारी सकाळी फोन करून नको म्हणून सांगतो, म्हणला." आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "त्याच्यामुळं का?"

"नाही."

"मग खा."

रात्रभर मी स्वतःला समजावलं. एक घास. पाण्याबरोबर गिळायचा, औषधाची गोळी गिळतात तसा. वर्षभर मला सगळ्यांनी छळलं त्याचा राग आता माझ्याच बोटांवर निघत होता. लोक गच्चीवरून उडी मारतात, मला एक तुकडा उचलता येऊ नये?

रविवारी आम्ही आईच्या पुढच्या खोलीत गोल बसलो. आई वाढत होती. माझ्या एका बाजूला समाधान, दुसऱ्या बाजूला लताबाई, समोर मयूर. त्याने दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता, पण समोरच्या ताटाला हात लावला नव्हता. तो माझ्या ताटाकडे बघत होता. सगळेच बघत होते. मी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, तेवढं जमलं. मग तुकड्याला हात लावला. हात तिथेच थांबला. मी खूप प्रयत्न केला. माझ्या कपाळावर घाम आलेला समाधानला दिसला असणार, कारण त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"राहू दे, ताई," मयूर म्हणाला. आवाज अगदी शांत होता, भिंतीकडे तोंड करून झोपायचा तेव्हा असायचा तसा. "त्या खड्ड्यामुळं ना?"

"कसला खड्डा?" लताबाई म्हणाल्या.

वर्षभर मी वाट बघत होते की कोणीतरी नीट प्रश्न विचारावा. गळा बघू नये, संस्कार काढू नयेत, सरळ जे आहे ते विचारावं. आज विचारलं, आणि विचारणारा हा होता. मला त्या क्षणी सगळ्यांचा इतका संताप आला, राखीचा, लताबाईंचा, आईचा, त्या डीजेवाल्याचासुद्धा, की बोलताना माझा आवाज खरा वाटला असावा.

"कुठला खड्डा घेऊन बसलास?" मी म्हणाले. "ऑफिसात सगळ्या व्हेज खाणाऱ्या आहेत. त्यांच्यात बसायचं तर बरं दिसत नाही. राखी म्हणाली सोड, मी सोडलं. मलाही पटलं ते."

आईच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. समाधानने मान खाली घातली.

"मी म्हणत नव्हते?" लताबाई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांचा चेहरा पडला होता.

मयूर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, नाही पटलं याला. मग त्याच्या कानशिलांवर हळूहळू लाली चढली. "म्हणजे लाज वाटते तुला आमची?"

"लाज कशाला? पण चार चांगल्या लोकांत वावरायचं म्हटल्यावर..."

"चार चांगली लोकं?" त्याने ताट पुढे ओढलं. "आन् आम्ही कोण? बाबांनी ओव्हरटाइम करून तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी? च्यायला, मी येडा, मी रात्र-रात्र जागतोय, ताईला माझ्यामुळं काय झालं म्हणून. आन् हिला राखी म्हणाली." त्याने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात टाकला आणि तोंड भरलेलं असतानाच पुढे बोलायला लागला. इतकं तो एप्रिलपासून बोलला नव्हता. "बामणीन झाली, बामणीन. आई, मला अजून वाढ."

आईने वाढलं. तो गप्प होईल अशी मला भीती वाटली, म्हणून मी म्हणाले, "अंडी पण सोडणार आहे आता."

"सोड, सोड. कांदा-लसूण पण सोड." तो हसला. कडवट हसला, पण हसला, आणि हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं. "उद्या गाडी आली की शेडाकडं फिरकू नको तू. तुला वास येईल."

"नाही येणार," मी म्हणाले.

"रोहिणी, तुला वरण देऊ का थोडं? सकाळचं हाय," आईने विचारलं. आईने मला असं कधी विचारलं नव्हतं. पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, आदराने, जरा लांबून.

"तिला आपल्या डावानं देऊ नको गं," मयूर म्हणाला. "रश्श्याचा डाव हाय तो. बाटंल ती."

लताबाई त्याला गप म्हणाल्या. समाधान माझ्याकडे बघत होता, आता तरी सांग, असं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आई उठली, आत गेली, आणि खरंच दुसरा, स्वच्छ धुतलेला डाव घेऊन आली. मयूर तोवर तिसरी भाकरी मोडत होता.