रबराच्या रिंगखालची अक्षता

मित्रांनो, पोट रिकामे असेल तेव्हाच मी कामाची असते. परळमधल्या एका महाविद्यालयाच्या तळमजल्यावरची मी जुनी निर्वात पेटी: जाड काचेचे अंग, पोलादी झाकण आणि त्या दोहोंमध्ये रबराची एक रिंग. झाकणाच्या आतल्या बाजूला सोन्याची पातळ चकती बसवलेली आहे. पंप माझ्यातली हवा ओढून घेतो, मग किंचित आरगॉन वायू आत सोडून वीज देतात. वायू जांभळा उजळतो, त्याचे कण चकतीवर आदळतात आणि सोन्याचे अणू सुटून खाली पडतात.

माझ्या उमेदीच्या काळात गिरण्यांतून सुताचे नमुने येत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसावेत म्हणून मी त्यांच्यावर सोन्याचा मुलामा चढवी. ज्या हातांनी ते सूत काढले, त्या हातांवर सोने चढल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही. पुढे गिरण्या गेल्या, नमुने थांबले आणि लोक माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले.

मग संघमित्रा आली. लोअर परळच्या चाळीत वाढलेली, गिरणी कामगाराची नात, पीएच.डी. करणारी. तिने माझ्या तळाशी एरंडेलाची बशी ठेवली, तेव्हा तिच्याबरोबर संशोधन करणारा ध्रुव म्हणाला, "अगं, मशीनचं पोट साफ करतेस काय?"

"पाणी ठेवलं तर हवा काढताच उकळेल. एरंडेल आपलं बसून राहतं," ती म्हणाली. "तुझ्यासारखं."

सोन्याचे अणू त्या तेलात पडले, एकमेकांना बिलगले आणि त्यांचे डोळ्यांना न दिसणारे कण झाले. तेल हळूहळू माणकासारखे लाल झाले. इतके बारीक झालेले सोने पिवळे राहत नाही, हे मला उतारवयात कळले. तिच्या प्रबंधासाठी आता एकच नमुना उरला होता.

तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. विभागप्रमुख चिंतामणी सर गिरगावचे, मृदुभाषी. वर्षभर मला फडके न लावणारे त्यांचे हात त्या दिवशी हळदकुंकू घेऊन येतात. संघमित्रा बौद्ध; ती पूजेला थांबत नाही. ध्रुवला वाटले, खऱ्या सोन्यालाच कुंकू लावावे. त्याने झाकण उघडले.

"चकतीला नको रे, वरच लाव," सर म्हणाले. तोवर अक्षता पडल्या होत्या. झाकण मिटले, त्यावर झेंडूचा हार आला, पेढे वाटले गेले.

सुट्टी संपली. पंप घरघरत राहिला. हवा काही निघेना.

"रुसलंय ते," ध्रुव हसत म्हणाला. "तरी म्हटलं होतं, नमस्कार करून जा."

"मी असलं काही मानत नाही," सर म्हणाले. "पण शेवटचं तूच वापरलंस ना, संघमित्रा?"

"हो सर. नंतर कुणी उघडलं होतं का?"

"कोण उघडणार? मध्ये फक्त पूजा झाली." सर कळवळ्याने पुढे म्हणाले, "दिवाळीनंतर ही पेटी भंगारात काढू. तू विषय बदल, बाळ. एखादा सोपासा घे."

मित्रांनो, त्या 'फक्त'मध्ये लबाडी नव्हती, आणि हेच अधिक वाईट. पूजा करताना आपल्या हातून काही बिघडू शकते, ही शंकाच ज्यांच्या मनाला शिवत नाही, त्यांना दोषी शोधायला लांब जावे लागत नाही. जो पूजेला नव्हता, तो समोर असतोच.

संघमित्राने विषय बदलला नाही. तिने वाळलेला हार उतरवला, झाकण उघडले आणि रिंगखालून बोट फिरवले. कुंकवाने चिकटलेला तांदळाचा दाणा हाती आला. तो काचपट्टीवर घेऊन ती सरांकडे गेली.

"हे काय?"

"अक्षता, सर. रिंगखाली होती. हवा तिथूनच आत येत होती."

सरांनी दाण्याकडे पाहिले, मग दाराकडे. "बरं झालं, सापडलं. आता उगाच वाढवू नकोस."

"वाढवत नाही, सर. चूक माझी नव्हती, एवढं ध्रुवसमोर म्हणा."

सर चष्मा पुसू लागले. वर्षभर मला न मिळालेल्या निगुतीने त्यांनी तो पुसला.

शेवटचा नमुना झाला. तेल लाल झाले, प्रबंध सादर झाला. सरांचे ते वाक्य मात्र मी अजून ऐकलेले नाही. भंगाराची गोष्टही पुन्हा निघाली नाही, आणि ती का काढली होती, हेही कुणी विचारले नाही. संघमित्रा काम संपले की रिंगवरून स्पिरिटचा बोळा फिरवते आणि दिवा मालवून घरी जाते.

पुढची खंडेनवमी जवळ आली आहे. मित्रांनो, मला हार नको. माझी रिंग पुसा. आणि पुन्हा कधी मी बिघडले, तर मला कुणाकुणाचे हात लागले होते ते विचारताना, जोडलेले हातही त्यात धरा.