ड्रोनसाठी पेटवलेलं गवत

गेल्या मार्चमध्ये पनवेलजवळच्या डोंगरात वणवा विझवताना माझा मुलगा विश्वजीत आणि ठाकरवाडीतला बुधा, दोघेही गेले. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. विश्वजीत सुट्टीच्या दिवशी जायचा, बुधा वीटभट्टीवर खाडा करून. विझलंय असं वाटलेलं गवत मागून पुन्हा पेटलं आणि दोघं घळीत अडकले.

परवा वर्ष झालं. त्यांच्या स्वयंसेवक गटाने डोंगराच्या पायथ्याशी मंडप घातला होता. मला सुकापूरहून न्यायला गाडी आली. बुधाची बायको ठकी मात्र वाडीतून चालत आली. ती स्टेजवर बसेना, म्हणून मीही तिच्याशेजारी खालीच बसले.

फोटोंना हार घालून झाले तसा गटाचा प्रमुख मितेश आला. "काकू, वहिनी, जरा मागे येता? छोटा व्हिडिओ करायचाय. आपलं काम लोकांपर्यंत पोचायला हवं."

मंडपामागे वाळलेल्या गवताचा पट्टा होता. काय चाललंय ते मला कळायच्या आत एका पोराने लायटर लावला. जाळ कमरेएवढा झाला. पाच-सहा पोरं कोऱ्या टी-शर्टांत, हातात डहाळ्या घेऊन ओळीने उभी राहिली. टी-शर्टवर विश्वजीतचा फोटो.

धूर नाकात गेला. इस्पितळातून परत मिळालेल्या त्याच्या बुटांना हाच वास होता.

ठकीने एकाच्या हातातली डहाळी हिसकावली आणि जाळ झोडपायला लागली.

"ओ वहिनी, थांबा! ड्रोन वर जाऊ दे!"

ती थांबली नाही. आग विझल्यावर मितेश म्हणाला, "हरकत नाही, पलीकडे परत लावू. वहिनी, असंच मारायचं, फक्त चेहरा इकडे ठेवा."

"लाज नाही वाटत तुला?" मी विचारलं.

"काकू, विश्वाच्याच नावाने चाललंय हे."

"त्याचं नाव घेऊ नकोस." मी पोराच्या हातातून लायटर काढून घेतला. कुणी अडवलं नाही.

ठकी राखेवर तळवा ठेवून बघत होती. "हितं अजून गरम हाय, बाय. पानी पायजे."

पाहुण्यांसाठी आणलेल्या बाटल्यांचा खोका मी ओढत आणला. एकेक बाटली उघडून आम्ही ओतत राहिलो. मंडपात कुणीतरी माइकवरून त्यागाबद्दल बोलत होतं. टाळ्या पडत होत्या. ठकी त्या बाजूला थुंकली.

"चला आमच्या वाडीवर," ती म्हणाली. "चाय पिऊ."

गाडीवाल्याला परत पाठवून मी तिच्यामागे चढायला लागले.

दुसऱ्या दिवशी गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ आला. आग झोडपणारी ठकी, मागे ढोल-ताशा, खाली 'आमची रणरागिणी'. शंभरावर लोकांनी हात जोडले होते. मी ग्रुप सोडला. मनातली किळस मात्र दिवसभर गेली नाही.