खांबेमहाराजांचं आसन

घोडपदेवच्या त्या चाळीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लालबाग, वरळीपासून माणसं आली होती. राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने उभारलेला पुरुषभर उंचीचा दगडी स्तंभ, एरवी एक मे सोडला तर ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, तो आता रोज सकाळी रडत होता. वरच्या मशालीतून लालसर पाणी ओघळायचं. बायका ते वाटीत धरायच्या आणि पोरांना पाजायच्या.

"हे रक्ताचे अश्रू आहेत, बाळांनो," खांबेमहाराज स्तंभाला खेटून घातलेल्या आसनावरून सांगायचे. "महाराष्ट्रासाठी झटलेला आत्मा या दगडात अडकलाय. दगडाला मन असतं, मनाला लहरी असतात. सायन्सनेही हे मान्य केलंय." कुठल्या सायन्सने, ते विचारायची सोय नव्हती.

आत्मा ज्याच्या अंगात येऊन बोलतो ते माणूस, म्हणजे 'झाड', म्हणून त्यांनी मेघनाला धरलं होतं. तिच्या नवऱ्याच्या आजोबांनी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी खाल्ली होती. पुढे उभा जन्म गिरणीत घालवून ते म्हातारपणी खाटेवर वारले, पण महाराजांनी त्यांना हुतात्मा करून टाकलं. यंदा झेंडावंदनाला मेघनाला भोवळ आली आणि ती स्तंभावर टेकली, एवढंच निमित्त. तेव्हापासून रोज सकाळी स्तंभाला पाठ लावून बसायचं आणि गल्लीबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम होता. परळच्या लॅबमधल्या मॅडमनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, सोमवारी आली नाहीस तर दुसरी मुलगी ठेवते.

"आई, मला नुसती चक्कर आली होती हो," ती सासूला, कमलला, पुन्हा पुन्हा सांगत होती.

"अगो, अंगात इल्यावर कोणाक कळता?" असं म्हणून कमल तिच्याच पाया पडली.

नवरा वैभव म्हणाला, "महाराजांशी पंगा नको यार. सगळी चाळ बघतेय."

सुनेचं कुणी ऐकत नव्हतं आणि झाडाला रजा नव्हती.

पण रोज दगडाला पाठ लावून बसल्यावर तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. अश्रू यायच्या आधी स्तंभाच्या पोटात सूं-सूं व्हायचं, मग खुळखुळ. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पाणी सुटायच्या आधी मोरीतला नळ असाच फुसफुसतो. पिंपावर नळ सोडून आरतीला धावणाऱ्या बायकांपैकी एकीलाही पाण्याची आणि अश्रूंची ही एकच वेळ खटकली नव्हती. पुढे पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी चाळीचं पाणी बंद राहणार होतं, तर महाराजांनी आदल्या दिवशीच "उद्या आत्म्याचं मौन" असं जाहीर केलं. तेव्हा मेघनाची खात्रीच पटली.

मौन सुटलं त्या सोमवारी सकाळी आरतीत ती घुमायला लागली. पहिल्यांदाच, आणि चांगली मन लावून.

"माझ्या छातीर कोण बसलो हा?" ती ओरडली. "उठवा तेका. आसन उचला."

आजोबांची मालवणी ऐकून कमलने हात जोडले. महाराज दचकले. "आत्मा आज भ्रमात आहे, त्याला..."

"बाबानू, आजोबांचो हुकूम आसा. उठा," कमल म्हणाली. महाराज उठेनात, तेव्हा माणसांनी त्यांना आसनासकट बाजूला ठेवलं.

खाली लोखंडी झाकण होतं, झाकणाखाली पाण्याचा कॉक. मेघनाने तो बंद केला. अश्रू थांबले. उघडला, तसे पुन्हा आले.

"अरे, हे तर आपल्या कारंज्याचं," मंडळाचे जुने अध्यक्ष नाना खाली मान घालून म्हणाले. "उद्घाटनाला चालवलं होतं. पाणी पुरेना म्हणून बंद केलं. पाइप आतच राहिला."

"आणि गंजला," मेघना म्हणाली. "तो गंज पोरांना पाजताय तुम्ही."

महाराज चपला शोधायला लागले. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "आजोबांनीच भोंदूला उघडं पाडलं." झालं, माणसं पुन्हा मेघनाच्या पायांवर वाकू लागली. सुटका झाली म्हणेपर्यंत ती पुन्हा तिथेच अडकत होती.

"आजोबा नाही, मी बोलले," ती म्हणाली. "नाटक केलं. माझ्या आवाजात सांगितलं ते कुणी ऐकलं नाही म्हणून. आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कॉक स्वतः फिरवून बघा आणि मग काय ते माना."

कमल पुढे झाली. तिने कॉक बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. दर खेपेला मान वर करून मशालीकडे बघितलं.

"म्हणजे त्या दिवशी तुका चक्करच इलली?"

"हो, आई. उपाशी होते."

कमलने पदराला हात पुसले. "मगे आज पेज खाऊन जा कामार," ती म्हणाली.