पाहुण्या बाई यायच्या म्हणून

“घ्या बाई, सगळं पुसून-झटकून ठेवलंय,” फुसाएकाकू म्हणाल्या आणि त्यांनी रेशमी रुमालाची गाठ सोडली.

तोमिए वाकिसाका गुडघे दुमडून चटईवर बसली होती. रुमालातून निघालं ते असं : मोमोसे घराण्याच्या थोरल्या मालकांनी स्वहस्ते लिहिलेल्या कविता, चहाच्या समारंभांची निमंत्रणं आणि कुठल्याशा मंत्र्याबरोबर काढलेला एक फोटो. फोटोत मंत्री पेंगत होता.

“फारच सुंदर,” तोमिए म्हणाली. पाहुणीला दुसरं काही म्हणण्याची मुभा नसते. “पण काकू, मागच्या कोठारात पत्र्याच्या पेट्या होत्या ना? गिरणीच्या दवाखान्याच्या?”

“अगंबाई, त्या!” काकू तोंडावर हात धरून हसल्या. “त्यांचं नका बाई नाव काढू.”

मोमोसेंची रेशमाची गिरणी कधीच बंद पडली होती. तिच्या भरभराटीच्या काळात डोंगरापलीकडच्या खेड्यांतून कोवळ्या पोरी कोश उकडायला यायच्या. छातीचा रोग जडला की दवाखान्यात, आणि दवाखान्याने हात टेकले की घाटवाटेने घरी. पुष्कळ जणी घरी पोचल्याच नाहीत. कंपनीच्या सोनेरी पुठ्ठ्याच्या इतिहासात मात्र गिरणीत कुणीही दगावलेलं नव्हतं. पोरी ‘स्वेच्छेने परतल्या’ होत्या. पलीकडच्या एका खेड्यात देवळामागे या पोरींसाठी दगड उभा आहे. तो कोराच आहे. नावं कुणालाच ठाऊक नाहीत. ती आणून देते, असं तोमिए तिथल्या म्हाताऱ्यांना सांगून बसली होती.

सरकारी अभिलेखागाराने तिला कागद दिले होते, नाही असं नाही. अर्ज केला, समिती बसली, ऋतू बदलला आणि झेरॉक्स आल्या. मेलेल्या पोरींच्या खासगीपणाला धक्का लागू नये म्हणून त्यांवरचं प्रत्येक नाव काळ्या शाईने बुजवलेलं होतं. जिवंतपणी एका खोलीत चाळीस जणींना कोंबताना खासगीपणाची ही आठवण कुणाला झाली नव्हती.

उरल्या होत्या मोमोसेंच्या पेट्या. काकूंचे यजमान हयात असताना तिने त्या उंबरठ्यावरून पाहिल्या होत्या. “बघा की,” ते म्हणाले होते, “फक्त कुणातरी मोठ्या माणसाचं परिचयपत्र घेऊन या.” अशा घरांत परिचयपत्राशिवाय कुणी धुळीलासुद्धा हात लावू देत नाही.

तोमिए हंगामी व्याख्याती. तिच्या ओळखीतला मोठा माणूस एकच, विभागाचे प्रमुख उबुकातासर. त्या एका पत्रासाठी तिने सरांच्या पुस्तकांच्या सूच्या केल्या, सरांच्या गोल्फवाल्या मित्राच्या काव्यसंग्रहाची प्रुफं तपासली, निरोप समारंभात पाहुण्यांच्या छत्र्या सांभाळल्या. या वसंतात सर प्रसन्न झाले. मसुदा अर्थात तिनेच करायचा होता. तिने रीतीप्रमाणे लिहिलं : आपल्या थोर घराण्याची मौल्यवान कागदपत्रं पाहण्याचं भाग्य लाभावं. सरांनी शिक्का उमटवला.

“सरांचं पत्र आलं आणि माझी झोपच उडाली बघा,” काकू सांगत होत्या. “म्हटलं, विद्यापीठातल्या बाई येणार, त्यांना मौल्यवान ते दाखवायचं. आणि कोठारात काय, तर उंदराच्या लेंड्या नि थुंकीचे डाग! कागदांवर रक्तसुद्धा होतं हो. शी! यांच्या घराण्याची अब्रू काय राहिली असती? चार दिवस सूनबाई नि मी मरमर राबलो. सगळं सुतळीने बांधलं आणि रद्दीच्या गाडीला घातलं.”

“कधी?” तोमिएने विचारलं.

“परवाच. फार भला माणूस. ओझं बघून रोलसुद्धा सढळ हाताने दिले.”

रद्दीच्या बदल्यात संडासाच्या कागदाचे रोल मिळतात, हे तोमिएला ठाऊक होतं. तिची आईही असेच घ्यायची. तोमिए म्हणाली, “माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला.”

“छे हो, त्रास कसला!”

मग चहा आला. चहाबरोबर आलेली तांदळाच्या पिठाची गोड वडी तिने कौतुक करत खाल्ली. निघताना काकूंनी तिच्या हातात मुळ्याच्या पाल्याचं लोणचं ठेवलं आणि वर रोलचा एक पुडाही.

“राहू द्या हो, आमच्याकडे ढीग आहे. दुपदरी आहेत. अंगाला टोचत नाहीत.”

रस्त्यावर येऊन तिने सरांना फोन लावला.

“गेले? सगळे?” सर म्हणाले. “अरेरे. पण कविता आहेत म्हणतेस ना? मग कवितांवर लिही. घराणं खूश, विभाग खूश. प्रस्तावना मी देतो.”

“सर, त्यांनी आपल्या पत्रातला ‘मौल्यवान’ शब्द खरा धरला.”

“मग काय, ‘तुमची घाण दाखवा’ असं लिहायचं होतं? आणि शब्द तुझेच होते बरं का, वाकिसाका. माझा फक्त शिक्का.”

हे मात्र खरं होतं. तिला सरांची किळस आली, काकूंच्या स्वच्छतेची आली आणि जिभेवर अजून रेंगाळणाऱ्या त्या गोडाची आली. सर्वांत जास्त आली ती आपल्या सुबक अक्षराची.

“सर, कवितांवर मी लिहिणार नाही,” ती म्हणाली.

“पुढच्या वर्षीच्या नेमणुकांची बैठक जवळ आलीय,” सर मायेने म्हणाले.

“हो सर,” म्हणून तिने फोन ठेवला.

रद्दीचा कारखाना नदीकाठी होता. पट्ट्यावरून कागद सरकत एका खड्ड्यात पडत होते आणि पलीकडे त्यांचे माणूसभर उंचीचे ठोकळे होऊन बाहेर येत होते. पट्ट्याशी हेल्मेट घातलेला एक जाडजूड माणूस उभा होता.

“मोमोसेंचा माल?” तो ओरडून म्हणाला. “तो सकाळीच गेला की, ताई! आता लगदासुद्धा झाला असेल. का हो, नोटा-बिटा राहिल्या होत्या काय आत?”

“नाही. माणसं होती,” ती म्हणाली.

यंत्राच्या खडखडाटात त्याला ते ऐकू गेलं नाही. “कुठे होता तो?” तिने ओरडून विचारलं. त्याने हाताने भिंतीकडची जागा दाखवली. तिथे काही नव्हतं, ओल्या सिमेंटवर सुतळीचे तुकडे तेवढे पडले होते.

तोमिएने पर्स, लोणचं आणि रोलचा पुडा बाजूला ठेवला. कोटाची बटणं लावली. हात मांड्यांवर सपाट ठेवून ती त्या जागेसमोर कमरेतून वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

तो माणूस गोंधळला. काय चाललंय ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी चाललंय एवढं कळलं. त्याने बटण दाबून पट्टा थांबवला आणि हेल्मेट काढून काखेत धरलं.

ती सरळ झाल्यावर त्याने ते पुन्हा डोक्यावर चढवलं.

“करू चालू?” त्याने विचारलं.

“करा,” ती म्हणाली.