नमुना क्रमांक चार

गिटारचा वीस वॅटचा तो अँप्लिफायर विकताना दुकानदार म्हणाला, "घरच्या सरावाला पुरतो, मित्रांबरोबर वाजवायलाही पुरतो. नाही आवडला तर सात दिवसांत परत आणा."

'पुरतो' हे विधान तपासल्याशिवाय मान्य करणं मला जमत नाही. शिवाय रविवारी माझा निकाल होता. आमचे दातांचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकांच्या मधोमध ड्रम मांडतात, त्यांचा कंपाउंडर बेस गिटार वाजवतो. गेल्या खेपेला मी कॉम्प्युटरचा जुना स्पीकर नेला होता. डॉक्टर म्हणाले, "तुझं गिटार ऐकूच येत नाही गं. येत्या रविवारी जमलं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघतो." मी आठ महिने सराव केला होता.

म्हणून शनिवारी घरातच चाचणी ठेवली. परीक्षक दोन: बाबा आणि आत्या. बाबा एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात छटा तपासायचे. त्यांनी एकच अट घातली.

"नमुन्यांत एक रिकामा डबा पाहिजे. आमच्याकडे नेहमी असायचा. तपासणारा जागा आहे की नाही, ते कळतं."

मी अँप्लिफायरवर चादर टाकली, दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि एकच धून चार प्रकारे वाजवली. चौथ्या वेळी अँप्लिफायर बंद होता.

"पहिला पिवळट आहे," बाबा म्हणाले. "दुसरा वाळल्यावर तडकणार."

"तिसऱ्यात नुसता खळखळाट," आत्या म्हणाली. "पण चौथा! काय जीव ओतलास गं. मला भरूनच आलं."

"चौथा एकसारखा बसलाय," बाबांनी दहापैकी साडेनऊ दिले.

मी क्रम बदलून तीनदा चाचणी घेतली. तिन्ही वेळा बंद अँप्लिफायर पहिला आला.

"बाबा, तो रिकामा डबा होता!"

ते जराही ओशाळले नाहीत. "आमच्याकडेही एकदा रिकामा डबा पास झाला होता. माल गेलासुद्धा. त्या रंगाची आजवर एकही तक्रार नाही."

रविवारी मी तरीही अँप्लिफायर चालू केला आणि आवाजाचं बटण सहावर ठेवलं. पहिल्याच ओळीत डॉक्टरांनी काठ्या खाली टाकल्या.

"थांब, थांब! दाढेत सळक गेली माझ्या. काहीतरी बदल बाई. ही शेवटची संधी."

मी ट्रेबल कमी केला, गेन उतरवला. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. माझ्या हाताशी एकच खात्रीलायक निष्कर्ष होता. मी पाठ फिरवली, अँप्लिफायर बंद केला आणि जीव खाऊन वाजवायला लागले. ड्रमच्या गदारोळात माझं गिटार मलाच ऐकू येत नव्हतं. एक तुकडा चुकला, तोही नुसता बोटांना कळला.

गाणं संपलं तेव्हा डॉक्टर घामाने निथळत होते.

"हां! आत्ता ऐकू आलं. कुठे लपवला होतास हा आवाज?"

कंपाउंडर डोळे पुसत म्हणाला, "तो मधला तुकडा पुन्हा वाजवाल का?"

"तो चुकला होता," मी म्हणाले.

"मग तसाच चुकवा."

डॉक्टरांनी ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी आणली आणि अँप्लिफायरच्या सगळ्या बटणांवर आडवी लावली. "हे आता कुणी हलवायचं नाही. दर रविवारी हाच आणायचा. तू आमची, हा पण आमचा."

"हलका एखादा आणला तर?"

"वेडी आहेस का? त्याला असा आवाज येईल?"

सातव्या दिवशी मी अँप्लिफायर दुकानात परत नेला नाही. वहीत नोंद केली: सरावाला पुरतो, मित्रांबरोबर पुरतो. बाबांनी वाचून खाली सही ठोकली. दोष या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं: वजन साडेसात किलो, कामाच्या मानाने जास्त.