मालावर बसवलेला माणूस

टेम्पोत सामान चढवलं आणि दोरी कमी पडली, की आपल्याकडे कोणी दोरी आणायला दुकानात जात नाही. एक माणूस मालावर बसवतात. गाद्या असोत, मांडवाचे बांबू असोत नाहीतर फ्रीज असो, वर बसलेला एका हाताने माल धरतो, दुसऱ्या हातात मोबाइल बघतो, आणि सगळं सुखरूप पोचतं. दहा वेळा पोचतं, म्हणून अकराव्या वेळी कोणी विचार करत नाही. शहाडच्या कमलेश केणेने तरी का करावा?

घरची जमीन इमारतींखाली गेली तेव्हा कमलेशने आणि त्याच्या धाकट्या भावाने, सुदेशने, मिळून एक छोटी कॅराव्हॅन घेतली. जीपच्या मागे हुकाला लावून ओढायची, दोन चाकांची. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, शेगडीचा ओटा आणि मागे एक खिडकी. गावात तिला सगळे डबा म्हणत. माळशेजला फिरायला जाणाऱ्यांना कमलेश तो जागेवर नेऊन द्यायचा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गिऱ्हाइकाने जनरेटर आणि पाण्याची टाकीही मागितली. आत जागा उरली नव्हती. कमलेशने दोन्ही वस्तू डब्याच्या मागच्या बंपरवर चढवून बांधल्या, आणि दोरी ढिली वाटली म्हणून भावाला म्हणाला, "सुद्या, आत मागं बस. खिडकीतनं हात काढून दोरी धर. थोडाच तं रस्ता हाय."

रायत्याच्या पुलापुढे एका उतारावर डबा डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागला. कमलेशने घाबरून करकचून ब्रेक दाबला. डबा आडवा झाला. जीपला ओरखडाही आला नाही, आणि सुदेश जागच्या जागी गेला.

"दमलेला तो, आपल्या मनानं मागं जाऊन झोपला," असं कमलेशने पोलिसांना सांगितलं. मग आईला सांगितलं. मग सुदेशच्या बायकोला, वैशालीला. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळली होती, तिसऱ्यांदा नाही.

वैशाली वर्षभर सासरी राहिली आणि मग मुरबाडला माहेरी गेली. यंदा फेब्रुवारीत तिचा फोन आला. तिला तिचं सामान हवं होतं: शिलाई मशीन, लोखंडी कपाट आणि भांड्यांची पेटी. "टेम्पो नको, दादा. डब्यातनं आणा. आणि तुम्हीच आणा."

नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

अपघातानंतर कमलेशने डबा दुरुस्त करून घेतला होता, आणि त्यात माल कसा भरायचा तेही नीट शिकून घेतलं होतं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! जड वस्तू खाली, चाकांवर किंवा त्यांच्या थोडी पुढे. मागच्या टोकाला काही टांगायचं नाही. नुसती दोरी नाही, कड्यांत अडकवलेले पट्टे. सगळं भरून झालं की हुकाखाली वजनकाटा ठेवून बघायचं; एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर यायलाच हवा. कमी आला तर डबा मागे जड आहे आणि वेगात तो झोकांड्या खाणार. आणि चालत्या डब्यात माणूस कधीही बसवायचा नाही. हा शेवटचा नियम ज्या दिवशी त्याने वाचला, त्या दिवशी तो जेवला नव्हता.

रविवारी सकाळी सामान भरलं. कपाट चाकांच्या वर आडवं, मशीन आणि पेटी त्याच्या पुढे. पट्टे आवळले. त्याच्या बायकोने, कल्पिताने, घरातला वजनकाटा हुकाखाली सरकवला आणि वाकून बघितलं.

"पस्तीस."

"सत्तर यायला पायजे. नीट बघ ना."

"मी काय आंधळी हाय? पस्तीस."

कपाट वीतभर पुढे घेतलं. पस्तीस. पेटी थेट पुढच्या भिंतीला टेकवली. पस्तीस. कल्पिताने शेजाऱ्यांचा काटा मागून आणला, तोही पस्तीसच म्हणाला. शेवटी वैतागून त्यांनी सगळं सामान अंगणात काढलं आणि रिकामा डबा तोलला. रिकाम्याचे पंचावन्न यायचे, ते वीस आले.

"दोन्ही काटे बिघडलेत," कल्पिता म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

कमलेशने तोवर मनातल्या मनात गणित मांडलं होतं. मागच्या खिडकीखाली साठ-बासष्ट किलोचं माणूस बसलं, तर हुकावर नेमके पस्तीस किलो कमी होतात. सुदेश अंगाने किडकिडीत होता. कमलेश आत गेला. खिडकीखालची गादी नवी घातलेली, तिच्यावर अजून कोणी बसलं नव्हतं. ती मध्येच दबलेली होती. त्याने थोपटून सारखी करायला बघितली, पण ती वर येईना. मग मात्र तो घाबरला, आणि भरल्या घरात असून त्याला कोणाला हाक मारता येईना.

बाहेर ओट्यावर त्याची आई, हौसाबाई, सुपात सुकट निवडत होती. "निगाला नाय रं अजून?"

"निघतो, आये."

सामान परत भरून तो एकटाच निघाला. एवढ्या हलक्या हुकाने डबा ओढणं म्हणजे मरणाला आवतण, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण न जाण्याचं कारण आईला सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं. जीप त्याने तीसच्या वर नेली नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकल्या. पूल गेला, उतार लागला. वळणावर बाजूच्या आरशात डब्याची मागची कड दिसते. त्या कडेबाहेर, दिवसाढवळ्या, त्याला एक हात दिसला. मूठ आवळलेली होती. बंपरवर तर काहीच बांधलेलं नव्हतं.

डबा हलला नाही. हलायलाच हवा होता, आणि तो एकदाही हलला नाही.

मुरबाडला वैशाली अंगणातच उभी होती. ती कमलेशकडे न बघता आधी डब्याकडे बघत राहिली. कमलेशने दार उघडलं, पट्ट्याला हात घातला, आणि कडी न काढताच तो सोडून दिला. तो पायरीवर खाली बसला.

"वैशाली, सुदेश आपल्या मनानं नव्हता बसला मागं. मी बसवलेला. माल धरायला."

"माहितीय मला," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"त्यानंच. मागनं फोन केलेला मला. एका हातात दोरी होती, दुसऱ्या हातात फोन. बोलला, लय हलतंय गं. मी बोलले, दादाला फोन करून सांग ना, थांबव म्हणून. तर बोलला, नको, दादा हसंल मला."

कमलेशला रडू फुटलं. ते त्याने आवरलंही नाही. "मग दोन वर्षं तू गप का राहिलीस?"

"तुम्ही बोलायचं होतं ते. आईंना सांगितलं?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग सामान उतरवू नका. परत न्या. आधी त्यांना सांगा, मग आणा." ती घरात जायला वळली आणि दारातून म्हणाली, "सावकाश न्या."

भर उन्हात तो तोच माल घेऊन, तोच उतार चढून, तोच पूल ओलांडून परत आला. या खेपेला त्याने आरशात बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

हौसाबाई अजून ओट्यावरच होती. "परत आनलास? घेतलं नाय तिनं?"

"आये," कमलेश उभ्याउभ्याच म्हणाला, "सुदेश झोपायला नव्हता गेला मागं. दोरी ढिली होती. मी त्याला बसवला. मी तुझ्याशी खोटं बोललो."

ती शिव्या देईल, ऊर बडवेल, सूप फेकून मारेल असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरंच झालं असतं. हौसाबाईने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि त्याच्या शेजारून पुढे गेली. डब्याचं दार तिने सताड उघडलं.

"ये रं बाला," ती आत बघून म्हणाली. "सोड आता ती दोरी. जेवाला चल."

दार धरून ती उभी राहिली, एक माणूस उतरायला लागेल एवढा वेळ. डबा मागून बोटभर वर उचलला गेला. मग ती घरात गेली आणि आतून ताटाचा आवाज आला. कमलेश अंगणात उभा होता. त्याला तिने जेवायला हाक मारली नाही.